शेवरीचा डबा : उंबरठा सतरावरून सहावर

अखेर सापडलं. गेले दोन महिने माझी ससीण शेवरी हिच्या शूचं जे डबकं लिटर बॉक्सच्या (तिच्या शू-शीच्या डब्याच्या) बाहेर, अगदी त्याच्या तोंडाशी, चार बोटांवर सापडत होतं, त्याचं कारण कळलं. मी लिहिलेल्या आणि तुम्ही सुचवलेल्या कारणांत ते कुठेच नव्हतं.

मागच्या नोंदीच्या शेवटी काजळला, म्हणजे तिच्या जोडीदार सशाला, आठ दिवस वेगळं ठेवून बघते असं म्हटलं होतं. ठेवलं. दोघांचं बॉन्डिंग (एकमेकांशी जोडी जमवणं) पुरं झालं आणि दीड महिन्याने हे सुरू झालं, म्हणून संशय त्याच्यावर आणि हद्दीच्या खुणांवर, म्हणजे आपली जागा दाखवायला केलेल्या शूवर. स्पे-न्यूटर (नसबंदी) झालेली जोडी असली तरी नवीन जोडीदार आल्यावर काही दिवस खुणा होतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. मध्ये प्लेपेनची जाळी लावली, तो तिकडे आणि ती इकडे. दोघं जाळीला पाठ टेकवून झोपायची, एकाची लव दुसऱ्याच्या बाजूला यावी इतकी चिकटून. शू मात्र रोजच्यासारखी, रोजच्याच जागी, शेवरीच्या बाजूला. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच जाळी काढायला हवी होती. ठरवलेले दिवस पुरे करायचे म्हणून मी ती ठेवली, त्याचं मला अजून वाईट वाटतं. जोडी तुटली नाही हे नशीब. जाळी काढल्यावर पहिली दहा मिनिटं तो नुसता तिचे कान चाटत बसला होता.

त्याआधी काय काय करून झालं होतं ते तुम्हाला माहीतच आहे. डब्यात घालायच्या कागदी गोळ्या बंद करून लाकडी भुशाच्या गोळ्या आणल्या. (त्या आता कायमच्या. वास खूपच कमी येतो. शिवाय कागदी गोळ्यांचं शेवटचं पोतं इतकं धुळीचं निघालं की काजळ शिंकायला लागला. तो पुरवठादार मी सोडला.) शूत भिजवलेला टिश्यू आत ठेवला. तिची फिरायची जागा आवळून डब्याची सवय पुन्हा श्रीगणेशापासून लावायला घेतली. डबकं जिथे व्हायचं बरोबर तिथेच दुसरा डबा ठेवला, तर डबकं त्या दुसऱ्या डब्याच्या पुढे सरकलं! आता मागे वळून पाहताना वाटतं, उत्तर तिथेच समोर होतं. तिला ती जागा हवी नव्हती. तिला डबाच हवा होता, आणि ती डब्यापर्यंत येऊन बाहेर थांबत होती.

पांढऱ्या व्हिनेगरबद्दल मात्र माझं मत आणखी पक्कं झालं. सशाचं शरीर अन्नातलं कॅल्शियम भरमसाट शोषून घेतं आणि जास्तीचं लघवीतून टाकतं. फरशीवर आणि डब्याच्या तळाशी जो पांढरा थर धरतो तो त्याचाच. साबणाने तो हलत नाही. व्हिनेगर ओतून पंधरा-वीस मिनिटं ठेवलं की बारीक बुडबुडे येतात आणि थर सुटतो. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र आणू नका, विषारी वायू होतो. अमोनियावालं फरशीचं लिक्विडही नको, त्याचा वास शूच्याच जातीचा असतो.

तर, कॅमेरा.

जुना फोन फरशीवर आडवा ठेवला, डब्याच्या बाजूला, सशाच्या डोळ्यांच्या उंचीवर. याआधी मी वरून चित्रीकरण केलं होतं आणि त्यात फक्त एक पाठ आणि दोन कान दिसत होते. बाजूने पाहिलं तेव्हा खरं काय होतंय ते दिसलं. पहाटे पावणेतीन. शेवरी येते. पुढचे दोन्ही पाय उंबरठ्यावर (डब्याच्या तोंडाच्या खालच्या कडेवर) ठेवते, मान लांब करून बाजूच्या भिंतीवरच्या जाळीतलं गवत ओढते. मागचे पाय फरशीवरच. खात राहते. मग सगळा भार उजव्या पायावर घेते, डावा मागचा पाय इंचभर वर येतो, प्लास्टिकला लागतो आणि खाली जातो. पुन्हा वर, पुन्हा खाली. तिसऱ्यांदा तर तो पुरता उचललाही गेला नाही. मग थोडा वेळ ती तशीच उभी. मग शेपूट वर होते आणि शू तिथेच, फरशीवर. ती वळून वास घेते आणि सावकाश निघून जाते.

लेक शेजारी बसून पाहत होती. ती म्हणाली, "आई, ती आत गेलीच नाही. तिला जाताच येत नाहीये."

मी तो तुकडा सहा-सात वेळा पाहिला. सात वर्षांची आहे ती. माझ्या डोळ्यांसमोर ती अजून सोफ्यावर एका उडीत चढणारी शेवरीच होती. सोफ्यावर ती शेवटची कधी चढली हे आठवायचा प्रयत्न केला, आठवेना.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे. आधी लघवी तपासली, कारण नीट सवय असलेला ससा अचानक बाहेर शू करायला लागला की संसर्ग, मूत्राशयातला गाळ किंवा खडा हे आधी बाजूला काढावंच लागतं. रक्त नाही, संसर्ग नाही. (लाल-केशरी शू पाहून घाबरणाऱ्यांसाठी पुन्हा सांगते, पुष्कळदा तो वनस्पतींतल्या रंगद्रव्यांचा परिणाम असतो. पण नुसत्या नजरेने रक्त आणि रंग वेगळे ओळखता येत नाहीत, लघवी तपासायच्या पट्टीने तपासूनच घ्या.) मग एक्स-रे. मूत्राशय साफ. कमरेच्या शेवटच्या मणक्यांमध्ये मात्र हाडाचे छोटे छोटे पूल तयार झालेले, आणि डाव्या खुब्याच्या सांध्याची कड खडबडीत. स्पॉन्डिलोसिस (मणक्यांची झीज) आणि संधिवात. डॉक्टर म्हणाले, "सवय अजिबात मोडलेली नाही तिची. उलट किती पक्की आहे बघा, दुखत असूनही ती डब्यापर्यंत येतेय."

हे ऐकून गळा दाटून आला.

मग त्यांनी विचारलं, मऊ लेंड्या खाते का? इथे आणखी एक गाठ सुटली. दोन-तीन महिन्यांपूर्वी मी लिहिलं होतं की सीकोट्रोप (याच मऊ लेंड्या) खाली चिरडलेले सापडतायत, तुतीच्या घोसासारखे, चिकट. पेलेट (कोरड्या खाद्याच्या गोळ्या) जास्त होतायत असा आपला निष्कर्ष होता. पेलेट निम्मे केले, पालाही कमी केला, काही फरक नाही. ससा त्या मऊ लेंड्या थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो, आणि त्यासाठी कंबर वाकावी लागते. ती वाकत नव्हती. शेपटीच्या वरच्या केसांत कोंडा साठत होता तोही त्यामुळेच, तिथवर तिचं तोंड पोहोचतच नव्हतं. काजळ चाटून द्यायचा तेवढंच. म्हणजे मी वेगळं ठेवलेल्या त्या आठ दिवसांत तेही बंद होतं.

मेलॉक्सिकॅम (दुखणं आणि सूज कमी करणारं औषध) सुरू झालं आहे. मात्रा मुद्दाम लिहीत नाही. कुत्र्याची मात्रा सशाला लागू पडत नाही, त्यामुळे घरात पडलेली बाटली उचलून देऊ नका. मूत्रपिंडाचं काम पाहायला रक्ततपासणी करूनच औषध दिलंय, पुढेही ती करत राहायची आहे.

आता खरं काम, डबा. आपला तो साठवणीचा टब, ६० बाय ४०, उंची ३० सेंटिमीटर. एका आखूड बाजूला मी पूर्वी जो उंबरठा कापला होता तो मोजला, १७ सेंटिमीटर. निरोगी सशाला १७ म्हणजे काहीच नाही. दुकानातले ते त्रिकोणी कोपऱ्याचे डबे उंबरठ्याला कमी असतात, पण त्यात मोठा ससा वळूसुद्धा शकत नाही. ते मी कुणालाही सुचवणार नाही, अगदी पिल्लासाठीही नाही.

१७ वरून ६ वर आणायचं ठरवलं. पहिला टब फुटला. गरम सुरीने कापायला गेले आणि कोपऱ्यातून तळापर्यंत तडा गेला. चूक टब निवडण्यातच होती. काचेसारखे पारदर्शक, कडक टब ठिसूळ असतात. तळाशी त्रिकोणात ५ आकडा असेल तर ते पॉलिप्रोपिलीन, ते थोडं लवचीक असतं आणि सहज तडकत नाही. दुसरा टब तो घेतला. कापायच्या चौकोनाच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत आधी १० मिलिमीटरची भोकं पाडली, म्हणजे तडा आलाच तर गोल भोकात येऊन थांबतो. मग हॅकसॉचं नुसतं पातं हातात धरून, त्याला कापड गुंडाळून, एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत कापलं. कड पात्याने खरवडली, मग आधी जाड आणि नंतर ४०० नंबरचा पॉलिश पेपर. शेवटी मनगटाची आतली बाजू कडेवरून फिरवून पाहिली. कडेला सिलिकॉनची नळी चिरून बसवायचा विचार होता, पण काजळ दातांखाली येईल ते कुरतडतो आणि गिळतोही. नळी रद्द.

गवताची जाळी समोरच्या आतल्या भिंतीवर नेली, उंबरठ्यापासून सगळ्यात लांब, म्हणजे बाहेर उभं राहून खाता येणार नाही. गुळगुळीत फरशीवर तिचे मागचे पाय सरकायचे (सशाच्या तळव्याला गादी नसते, नुसती लव असते), म्हणून डब्यापुढे पातळ अँटी-स्किड मॅट घातली, कडा डब्याखाली दाबून.

त्या रात्रीचं चित्रीकरण तुम्हाला दाखवता आलं असतं तर! शेवरी आली, पुढचे पाय आत, थांबली. आधीच्या सवयीने डावा पाय उचलायच्या तयारीने भार उजवीकडे घेतला. मग डावा पाय नुसता पुढे टाकला आणि तो आत होता. मग उजवा. ती आत उभी राहिली आणि गवताकडे न जाता चारी कोपरे हुंगत सुटली, जणू किती दिवसांनी घरी आली. मग पाऊण तास खात बसली. औषधाला तेव्हा तीन दिवस झाले होते, त्याचाही हात असणार. पाचव्या दिवशी ती डब्यातच फ्लॉप झाली, म्हणजे निवांत अंग टाकून आडवी पडली. आठव्या दिवशी सकाळी चिरडलेली मऊ लेंडी एकही नव्हती, आणि त्यानंतर आजवर एकदाच सापडली.

आता रडगाणं. शू डब्यात होते, पण डब्यात राहत नाही. तोंड गवताकडे म्हणजे शेपूट उंबरठ्याकडे. शू करताना ती मागचा भाग उचलते, आणि मागे अडवायला आता १७ सेंटिमीटरची भिंत नाही, फक्त ६ आहे. धार वरून सरळ मॅटवर. रोज नाही, पण तीनातून एकदा तरी. डबकं पुन्हा त्याच चार बोटांवर!

ही नोंद लिहायला बसले तेव्हा ठरवलं होतं की उंबरठा पुन्हा ११-१२ वर न्यायचा आणि बाहेर छोटा उतार करायचा. उताराची मापंही काढली होती. पण वरचा परिच्छेद लिहिताना टबाचं चित्र कागदावर काढलं, शेवरीच्या जागी एक बाण काढला, नाकापासून शेपटीपर्यंत, आणि लक्षात आलं की उतार कशाला हवाय? बाण फिरवायचा. शेपूट कुठे जाईल हे गवत ठरवतं. जाळी समोरच्या भिंतीवरून काढून लांब बाजूच्या भिंतीवर, आतल्या कोपऱ्यात लावली, तर आत शिरून तिला तिरकं वळावं लागेल आणि शेपूट पलीकडच्या ३० सेंटिमीटर उंच भिंतीकडे जाईल. तरीही गवतापर्यंत पोहोचायला सगळं अंग आत घ्यावंच लागेल.

लिहिणं थांबवून जाळी हलवून आले. दोन हुक, पाच मिनिटं.

दोन दिवसांनी पुढे लिहिते आहे. दोन रात्री आणि दोन दिवस अशा चार फेऱ्यांमध्ये मॅट तीनदा कोरडी. चौथ्यांदा थोडी ओली होती, पण चित्रीकरणात तो काजळ निघाला. तो अजून जुन्या सवयीने समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसतो. शेवरी तिरकी बसते, अगदी बाणासारखी, आणि उंच भिंतीवर शूची रेघ मी स्वतः पाहिली. इतक्या आनंदाने मी ती पुसली!

पुढचा टब आता वेगळा कापणार आहे. तोंड लांब बाजूला, मागच्या टोकाजवळ, आणि गवत पुढच्या आखूड भिंतीवर, म्हणजे दोघांचीही शेपटी उंच भिंतीकडेच जाईल. तोंडाची रुंदी २२ सेंटिमीटर धरतेय. वयस्क ससा असलेल्यांपैकी कुणी लांब बाजूने तोंड कापलं असेल तर सांगा, इतक्या रुंद कापाने उरलेली भिंत लवते का? लवत असेल तर वरची कड अखंड ठेवून मध्ये खिडकीसारखं कापेन. पण मग तिला मान खाली घालून शिरावं लागेल, आणि कमरेचं पाहता ते मला नकोय. पुढचा एक्स-रे दीड महिन्याने आहे, टब त्याआधी कापून होईल.