६१वं मूल

२०२३-२४ च्या यू-डायस प्लसनुसार (केंद्र सरकारची शाळांची माहिती नोंदवणारी यंत्रणा) देशात १४.७२ लाख शाळा, २४.८ कोटी विद्यार्थी आणि ९८ लाख शिक्षक होते. भागाकार केला की एका शिक्षकामागे साधारण २५ मुलं येतात. पहिली ते पाचवीसाठी शिक्षणहक्क कायदा ३० म्हणतो, म्हणजे कागदावर आपण पास. तरी मुंबईत महापालिकेच्या एखाद्या लहान शाळेत डोकावलं, तर फळ्याच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे दुसरीचं गणित, उजवीकडे तिसरीचं आणि दोन्हीकडे धावणाऱ्या बाई एकच, असं दिसू शकतं. हे कसं घडतं ते कळायचं असेल तर संचमान्यता, म्हणजे पटावरच्या मुलांच्या संख्येवरून शाळेला शिक्षकांची पदं मंजूर करणं, हे प्रकरण समजून घ्यावं लागतं. पालकसभेत ते कुणी सांगत नाही.

मुळात आपली शिक्षणव्यवस्था वाढली ती 'आधी शाळा पोचवा, शिक्षकाचं मागून बघू' अशा क्रमाने. १९५० मध्ये राज्यघटनेच्या कलम ४५ ने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मोफत, सक्तीच्या शिक्षणासाठी दहा वर्षांची मुदत घातली. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता होती १८.३३ टक्के. मुदत उलटली, शाळा वाढल्या, पण एकशिक्षकी शाळांचा डोंगर तसाच राहिला. म्हणून १९८७ मध्ये खडू-फळा योजना आली आणि तिने किमान माप ठरवलं: दोन खोल्या, दोन शिक्षक. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला तेव्हा त्याच्या अनुसूचीची पहिली पायरीही दोन शिक्षकांचीच होती. आजही देशात एक लाखाहून जास्त शाळा एकशिक्षकी आहेत.

अनुसूची सरळ आहे. पहिली ते पाचवी: ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४, १२१ ते २०० ला ५. मुख्याध्यापकाचं वेगळं पद १५० च्या वर. २०० च्या पुढे मुख्याध्यापक सोडून एका शिक्षकामागे ४० पेक्षा जास्त मुलं नकोत. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं, भाषा यांना किमान एकेक. पहिली ते पाचवीच्या तक्त्यात इयत्ता मोजलेल्या नाहीत, डोकी मोजलेली आहेत. खरी मेख तिथे आहे.

मुंबईत ही मेख आणखी खोल जाते, कारण महापालिका आठ माध्यमांत शिकवते: मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी. इमारत एक असली तरी प्रत्येक माध्यमाची शाळा वेगळी आणि तिचा पटही वेगळा. समजा एका इमारतीत पाचवीपर्यंत मराठीचा पट ५८, हिंदीचा ९२ आणि उर्दूचा ६१ आहे. तक्त्याप्रमाणे शिक्षक मिळतात २, ४ आणि ३. एकूण २११ मुलांना ९ शिक्षक, म्हणजे एकामागे २३. वरच्या कार्यालयात हा आकडा बघून कुणालाही समाधान वाटेल. पण वर्ग आहेत पंधरा. मराठीच्या दोन शिक्षकांकडे पाच इयत्ता. त्यातल्या एकीला बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून मतदारयादीच्या कामाला काढलं की उरली एक. (कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीचं काम देऊ देतं, त्यामुळे तक्रारीला फारशी जागा नाही.)

आता याच इमारतीतून फक्त तीन मुलं कमी करून बघा. उर्दूचं एक गेलं की पट ६० आणि शिक्षक २. हिंदीची दोन गेली की पट ९० आणि शिक्षक ३. म्हणजे तीन मुलांमागे दोन पदं गेली. तरीही २०८ मुलांना ७ शिक्षक, प्रमाण तिसाच्या आतच. नियम कुठेही मोडला नाही.

मुलं अशी 'जातात' कुठे? बऱ्याचदा कुठेच नाही, ती रोज वर्गात बसलेली असतात. संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात, आणि गेली काही वर्षं महाराष्ट्रात आधार वैध ठरलेल्या, म्हणजे शाळेतली नोंद आधारशी जुळलेल्या मुलांवर सगळी भिस्त आहे. याला कारणही आहे. ऑक्टोबर २०११ च्या राज्यव्यापी पटपडताळणीत लाखो विद्यार्थी नुसते कागदावर असल्याचं उघड झालं होतं. तेव्हा पट खरा हवा हा आग्रह रास्तच. मात्र नाव जुळलं नाही म्हणून मूल खोटं ठरत नाही, आणि गफलत होते ती इथे.

जनरल रजिस्टरला (शाळेच्या प्रवेशाच्या नोंदवहीत) नाव मराठीत, आधारवर इंग्रजीत, विद्यार्थ्यांच्या नोंदीच्या सरकारी पोर्टलवर कुणीतरी घाईत टाइप केलेलं तिसरंच. 'संगीता' इंग्रजीत दोन प्रकारे लिहिता येतं, तिथेच पहिला फटका. दुसरा जन्मतारखेचा: काही जुन्या आधार कार्डांवर नुसतं वर्ष असतं. तिसरा, मधलं नाव. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये येतं, उत्तरेकडून आलेल्या कुटुंबात ते बहुधा नसतंच, आणि शाळेने आपल्या सवयीने घातलेलं असतं. बाळपणी काढलेल्या आधारचं बायोमेट्रिक पाचव्या आणि पंधराव्या वर्षी अद्ययावत करायचं असतं, ते राहून गेलेलं असतं ते वेगळंच.

दुरुस्ती करताना क्रम चुकवू नये. आधी जन्मदाखला काढा आणि रजिस्टर, आधार, पोर्टल या तिन्ही नोंदी त्याच्याशी ताडून बघा. चूक पोर्टलवर असेल तर शाळेच्या लॉगिनमधून सुधारते, काम काही मिनिटांचं. आधारवर असेल तर पालकांना दाखल्यासह आधार केंद्रावर जावं लागतं. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईचा तो दिवस बुडतो, म्हणून हे काम पुढे ढकललं जातं. रजिस्टरमध्ये चूक असेल तर मात्र व्हाइटनर लावून भागत नाही, वरिष्ठांची लेखी मंजुरी लागते. घाईला आलेला कारकून अनेकदा उलटं करतो: रजिस्टर बरोबर असताना ते चुकीच्या आधारला जुळवतो. दहावीच्या वेळी ते निस्तरताना मुलाच्या नाकीनऊ येतात.

दुसरी गळती बदलीची. कुटुंब गावी जातं, मूल तिथल्या शाळेत बसतं, जूनमध्ये परत येतं. आधीच्या शाळेने पोर्टलवरून त्याला सोडलं नसेल तर इकडे ते घेता येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला हातात असला तरी पोर्टलच्या लेखी मूल अजून तिकडेच. अशा मुलांची यादी जुलैतच करून त्या शाळेला यू-डायस क्रमांकासह फोन करणं हाच उपाय. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्यांनाच जाग येते आणि तेव्हा पोर्टल हमखास रडतं.

पद गेलं की शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि समायोजनाने, म्हणजे रिकामं पद असलेल्या शाळेत बदलून, दुसरीकडे जातो. सेवाज्येष्ठतेत सर्वांत खालचा आधी निघतो, म्हणजे बहुतेक वेळा तरुण माणूस. उर्दूची शिक्षिका मराठी शाळेत पाठवता येत नाही, त्यामुळे एका माध्यमात जादा आणि दुसऱ्यात रिक्त, असं एकाच वेळी चालू शकतं. पुढच्या वर्षी पट पुन्हा ६१ झाला तरी गेलेली बाई परत येईलच असं नाही. पद आधी मंजूर व्हायला हवं, मग ते पवित्र पोर्टलच्या (राज्याच्या ऑनलाइन शिक्षकभरतीच्या) भरतीत यायला हवं, आणि त्यावर येणारी व्यक्ती पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर. प्राथमिकसाठी ते ६ हजार होतं, २०२३ पासून १६ हजार झालं. एवढ्यात मुंबईत खोली भाड्याने घेऊन राहायचं आणि पाच इयत्तांचा फळा तिघींनी वाटून घ्यायचा.