वार वर सरकलीच नाही

वार म्हणजे गर्भाशयात बाळाला पोसणारी, नाळेने त्याला जोडलेली गादी. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत डॉक्टर म्हणाल्या, "वार खाली आहे, पण बहुतेकींची वर सरकते." तो 'सरकते' शब्द मी धरूनच बसले. रोज पोटावर हात ठेवून विचारायचे, सरकलीस का गं? खरं तर वार जागची हलत नाही. गर्भाशयाचा खालचा भाग ताणून वाढतो, तशी ती तोंडापासून लांब जाते. माझी तोंडावरच पसरलेली होती, ती कुठे जाणार! 32 व्या आठवड्यात योनीमार्गातून सोनोग्राफी केली आणि फाइलवर 'प्लासेंटा प्रिव्हिया', म्हणजे वार तोंडावर, असं लाल शाईने लिहिलं गेलं. माझं पहिलं बाळंतपण सिझरने झालेलं. त्या व्रणात वार रुतली तर काढताना फार रक्त जातं, म्हणून डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफीही झाली. रुतलेली दिसली नाही.

पुढच्याच आठवड्यात पहाटे ओलं लागलं म्हणून उठले. पाणी गेलं असेल म्हणून दिवा लावला, तर लालभडक रक्त. दुखत मात्र काहीच नव्हतं. नवरा म्हणाला, "कळ नाही ना? मग सकाळी जाऊ." त्याचं चुकलं असं तरी कसं म्हणू, मलाही क्षणभर तेच वाटलं होतं. पण या दुखण्यात रक्त असंच न दुखता जातं, हे डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं. निघालो.

दवाखान्यात पोचेपर्यंत रक्त थांबलंही होतं, तरी घरी सोडलं नाही. बाळाच्या फुप्फुसांसाठी 24 तासांच्या अंतराने स्टेरॉइडची दोन इंजेक्शनं दिली. माझा रक्तगट निगेटिव्ह, म्हणून माझ्या अंगात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ नयेत यासाठी अँटी-डीचं इंजेक्शन. रक्ताच्या पिशव्या जुळवून ठेवल्या. ड्यूटी बदलली की नव्या माणसाला मी आधीच सांगायचे, "वार खाली आहे, बोटाने तपासू नका, रक्त सुटेल." एकदा एक शिकाऊ डॉक्टर हातमोजे घालून आलेच होते. तेव्हापासून लाज सोडली.

36 आठवडे पूर्ण झाल्यावर सिझर ठरलं. कमरेत इंजेक्शन दिलं, मी जागी होते. बाळ रडलं आणि त्यानंतर बराच वेळ माझ्याशी कुणी बोलेना. वार सुटली होती, पण ती जिथे चिकटलेली असते तो खालचा भाग नीट आवळत नाही, त्यामुळे रक्त थांबत नव्हतं. एक पिशवी चढवली, दुसरी अर्धीच लागली.

शेवटी मी नर्सला म्हटलं, मला ती वार बघायचीय. तिने ट्रे वाकडा करून दाखवला.

"एवढीशीच?"

"अर्धा किलो असेल," ती म्हणाली आणि ट्रे घेऊन गेली.