दगडातलं लाकूड आणि मेस्तकाका

फोंडा, आषाढातला रविवार

दुपारी पावसाने उघडीप दिली तशी पडवीतली बादली उघडली. आठवडाभर गंज काढणाऱ्या ऑक्झॅलिक अ‍ॅसिडमध्ये बुडवून ठेवलेला, लाखो वर्षांत दगड झालेल्या झाडाचा तुकडा हातमोजे घालून बाहेर काढला. सालीच्या खाचांत घट्ट बसलेला गंज गेला होता! खालून मधासारखा पिवळा निघाला. हाही लोखंडाचाच रंग, पण सिलिकेच्या, म्हणजे लाकडाच्या जागी भरलेल्या गारेसारख्या खनिजाच्या, आत कोंडलेला, म्हणून शाबूत राहिला. किती वेळ बघत बसलो कोण जाणे.

बोटीवर असलेल्या मामेभावाने हा जावाहून आणला, नारळाएवढा. आपल्याकडे कुठून सापडणार? गोव्याचा मूळ खडक घडला तेव्हा जमिनीवर झाडंच नव्हती. ती आली सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वी. देशात जैसलमेरजवळ आकलला आणि तमिळनाडूत तिरुवक्कराईला अशी खोडं आहेत, पण ती राखलेली ठिकाणं. तिथला खडाही उचलू नये.

शेवाळ आधी ब्लीचने काढलं होतं. मग चार दिवस रोज पाणी बदलून भिजत ठेवलं, कारण ब्लीचचा अंश राहिला आणि वर अ‍ॅसिड पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. आई बादली विहिरीच्या बाजूला फिरकू देत नाही, तेही योग्यच. बादलीत उरलेल्या अ‍ॅसिडच्या पाण्यात खाण्याचा सोडा फेस यायचा थांबेपर्यंत टाकला.

गेल्या वर्षीचा छोटा तुकडा आठवला की अजून पोटात कालवतं. विकणाऱ्याने सिलिकेचा म्हणून दिला, निघाला कॅल्साइटचा, म्हणजे अ‍ॅसिडने झिजणाऱ्या चुनखडीच्या खनिजाचा. व्हिनेगरचा एक थेंब टाकला असता तर बुडबुड्यांनी सांगितलं असतं. तेवढं केलं नाही, रात्री तसाच ऑक्झॅलिक अ‍ॅसिडमध्ये टाकला. सकाळी बघतो तर वर पांढरा राठ थर, आणि त्याखाली बारीक रेघा खाऊन गेलेल्या. एवढी वर्षं टिकलेलं झाड माझ्या हातून एका रात्रीत गेलं. तो टाकवत नाही, कपाटात आहे.

म्हणून आता घाई नाही. कापलेली बाजू काचेवर सिलिकॉन कार्बाइडची कडक पावडर पसरून घासतो, जाड नंबरकडून बारीककडे: ८०, २२०, ४००, ६००. सगळं ओलं, कारण सिलिकेची कोरडी धूळ फुफ्फुसात बसते. दगड चाकूच्या पात्यालाही दाद देत नाही. नुसत्या ८० नंबरला नऊ संध्याकाळी गेल्या. नंबर बदलताना नखंसुद्धा ब्रशने घासायची, जाड पावडरीचा एक कण राहिला तरी चरा उठतो.

संध्याकाळी मेस्तकाका फुगलेलं दार तासायला आले. अ‍ॅसिडचं पाकीट बघून म्हणाले, "हे तर आमचं! खिळ्याचे काळे डाग लाकडावरून ह्यानेच काढतो." मग तुकडा उजेडात तिरका धरून ओल्या बाजूवरून अंगठा फिरवला. सुईच्या टोकाएवढी छिद्रं, शेकडो. "बाबू, ह्यातून पाणी चढायचं. सागाला पण असतात." मी ती छिद्रं भिंगाखाली रोज बघतो, पण त्यांनी ती अंगठ्याने ओळखली.

सालीकडे वळल्यावर म्हणाले, "ही घासू नको रे."

नाही घासणार. तिथे थोडा गंज उरलाय, तोही राहू दे. चकाकी आणायला सीरियम ऑक्साइडची पावडर आणि नमद्याचा तुकडा काढून ठेवलाय, उद्या फक्त कापलेल्या बाजूला. पाऊस परत लागलाय.