होकायंत्र, बाईकची बॅटरी आणि तारेचं चुंबकीय क्षेत्र

तारेभोवतीचं क्षेत्र मोजायला महागडा मीटर लागत नाही. पृथ्वीचं क्षेत्र फुकटात मिळतं, तेच माप म्हणून वापरायचं. नागपुरात त्याचा आडवा घटक साधारण ३८ ते ३९ मायक्रोटेस्ला असतो. तारेचं क्षेत्र त्याला काटकोनात आणलं की सुई जेवढी वळेल, त्या कोनाचा टॅन गुणिले ३८.५ म्हणजे आपलं उत्तर.

सामान: मीटरभर दीड स्क्वेअर एमएमची तार, १२ व्होल्टची बॅटरी, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, मल्टिमीटर आणि होकायंत्र. बल्ब सिरीजमध्ये हवाच, नाहीतर बॅटरी शॉर्ट होते. धारा सुमारे १.७५ अँपिअर येते. नेमका आकडा मीटरवर, १० अँपिअरच्या सॉकेटमधून वाचा.

तार उत्तर-दक्षिण ताणा आणि होकायंत्र तिच्या मधोमध खाली ठेवा. पूर्व-पश्चिम ताणली तर सुई एकतर हलत नाही, नाहीतर एकदम उलटी फिरते. अंतर तारेच्या मध्यापासून सुईपर्यंत मोजायचं, काचेपर्यंत नाही; तीन सेंटिमीटरमध्ये चार मिलिमीटर चुकले तर उत्तरही तेरा टक्क्यांच्या आसपास चुकतं.

अपेक्षित आकडा सोपा आहे: २० गुणिले अँपिअर भागिले सेंटिमीटर, उत्तर मायक्रोटेस्लात. तीन सेंटिमीटरवर ११.७, म्हणजे सुई जेमतेम १७ अंश वळणार; सहावर साडेआठ. एका सेंटिमीटरवर कोन मोठा दिसतो म्हणून मोह होतो, पण दोन सेंटिमीटर लांबीच्या सुईची टोकं वळताना तारेखालून बाजूला सरकतात आणि कोन कमी येतो. जवळ जाण्यापेक्षा धारा वाढवा. हेडलाइटच्या बल्बची ५५ वॅटची फिलामेंट साडेचार अँपिअर सहज घेते.

धारा उलटी करून पुन्हा वाचा आणि दोन्ही कोनांची सरासरी घ्या. तार जराशी तिरपी असली तरी ती चूक बरीचशी कटते. धारा उत्तरेकडे आणि तार वर असेल तर सुईचं उत्तर टोक पश्चिमेला जायला हवं.

उत्तर निम्मंच आलं तर परतीची तार बघा. ती शेजारून गेली की दोन्ही क्षेत्रं एकमेकांना खातात. तिला निदान मीटरभर लांबून वळवा. मग खोली बघा. आपल्याकडे प्रत्येक खिडकीत लोखंडी कूलर असतो, शिवाय दिवाण, कपाट, स्लॅबच्या सळया. लाकडी स्टूल घेऊन खोलीच्या मधोमध बसा आणि धारा बंद असताना होकायंत्र हातभर इकडेतिकडे सरकवून सुई एकाच दिशेला राहते का ते आधी पाहा.

घरातल्या २३० व्होल्टच्या वायरीवर हे करू नका. जिवाला धोका आहेच, आणि धारा सेकंदाला ५० आवर्तनं करत असल्याने सुई जागची हलणारही नाही.