करडाचं नाव मुकादम

दिवाळी सरली की आमच्या गावातनं ट्रक भरभरून कोयते जातात. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, ती फेडायला पाच-सहा महिने कुणी कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. मागं उरतात म्हातारी माणसं आणि माझा वर्ग. बीड जिल्ह्यातली दोन शिक्षकी शाळा, तिसरी-चौथी माझ्याकडं. २०१७च्या त्या हंगामात पटावर २१ पोरं होती, त्यातल्या १४ जणांचे आईबाप फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या रानात.

आदल्या वर्षी जिओ आलं होतं. फडावरच्या एकेका टोळीत एखादा तरी स्मार्टफोन आणि वाचता येणारा एखादा तरी माणूस असायचाच. मी वर्गाचा ब्लॉग काढायचं ठरवलं ते एवढ्यावरच. तालुक्याला ‘तंत्रस्नेही’ शिक्षकांच्या प्रशिक्षणात ब्लॉगरवर फुकट ब्लॉग कसा काढायचा ते शिकवलं होतं. आम्हा मास्तर लोकांचे बरेचसे ब्लॉग म्हणजे शासन निर्णय आणि एक्सेल तक्त्यांची कोठारं. पोरांना त्याचा काडीचा उपयोग नाही, असं माझं तेव्हाही मत होतं. मला पोरांनी लिहिलेलं त्यांच्या आईबापाच्या हातात द्यायचं होतं.

ब्लॉग उघडायला दहा मिनिटं लागली. नाव काय द्यायचं यात दोन दिवस गेले. गावाचं नाव पत्त्यात घालायचं नाही, पोरांचे चेहरे नाहीत, नावं नाहीत, हे मात्र पहिल्यापासून पक्कं होतं. सहा महिने अर्ध्या गावात फक्त म्हातारी आणि लेकरू असतं, हे जगाला कशाला सांगायचं? लेखाखाली नुसता हजेरी क्रमांक. कुणाचा कुठला, ते मी घरोघरच्या पालकांना फोन करून सांगितलं.

मग फॉन्टनं मार दिला. प्रश्नपत्रिकांच्या सवयीनं मी सगळे लेख शाळेच्या कॉम्प्युटरवर श्रीलिपीत टाइप केले होते. ब्लॉगवर चिकटवले तर पानभर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र खुणा. हे जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागेवर मराठी आकार बसवतात. समोरच्याकडं तो फॉन्ट नसला की सोंग उतरतं. कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या युनिकोडशिवाय गत्यंतर नव्हतं. म्हणून सगळं परत, मोबाइलवर, खिडकीत रेंजला बसून टाइप केलं.

आणि तिथंच माझा हात वळवळला. सात नंबरच्या पोरीनं लिहिलं होतं : ‘मपल्या शेळीला करडू झालं. म्हतारीनं त्याचं नाव मुकादम ठिवलं. कामून की त्ये लई वरडतं.’ परत टाइप करायचंच आहे, तर जरा नीट करू, म्हणून मी केलं : ‘आमच्या शेळीला एक गोंडस पिल्लू झाले. आजीने त्याचे नाव मोती ठेवले.’ प्रमाणभाषा हे एक कारण. दुसरं, तिच्या बापाचा फोन बटनांचा; तो हे वाचणार होता मुकादमाच्याच फोनवर.

रात्री साडेनऊला फोन वाजला. मागं ट्रॅक्टरची घरघर.

“सर, पोरीनं लिवलेलं पोरांनी वाचून दावलं आमाला. पर मोती कोन?”

मी काहीतरी पुटपुटलो.

“त्या करडाचं नाव तर मुकादम हाय ना? तिनं गेल्या आयतवारी सांगितलं तवा आमी समदे हसून हसून पडलो.” तेवढ्यात मागनं तिच्या आईचा आवाज आला, “आवो, त्ये लेकराचं न्हाई. सरांनीच लिवलंय त्ये.”

दुसऱ्या दिवशी परिपाठ झाल्यावर पोरीला जवळ बोलावून विचारलं, बदललेलं वाचलंस का? तिनं मान हलवली. मग राग आला का? ती पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाली, “मोती कुत्र्याचं नाव असतंय, सर.”

मी टाइप केलेलं काढून टाकलं आणि तिची वही अंगणात उन्हात धरली. पहिल्या फोटोत माझ्याच डोक्याची सावली, दुसऱ्यात पेन्सिल इतकी फिकी की अक्षरच दिसेना. तिसरा जमला, पण चार एमबीचा. फडावरच्या रेंजवर तो उघडायला सकाळ झाली असती. लहान करून चढवला. मी तांबड्या शाईनं काढलेल्या सात चुकाही त्यात तशाच आल्या होत्या. खाली तिचे शब्द, ‘कामून’ला ‘कामून’ ठेवून, टाइप केले. ‘प्रकाशित करा’वर बोट ठेवताना मुकादमाचा चेहरा डोळ्यापुढं होताच. उचलीचा हिशोब त्याच्या वहीत असतो, आणि चेष्टेची किंमत मला नाही, त्या जोडीला मोजावी लागली असती. म्हणून बापाला आधी फोन करून विचारलं. तो म्हणाला, “टाका वो. त्याला बी ठावं हाय.”

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याच नंबरवरून फोन आला. या वेळी आवाज वेगळा, भारदस्त.

“सर, मी मुकादम बोलतोय. त्ये करडू बोकड हाय का पाट?”

“बोकड,” मी म्हणालो.

“मग ठीकय. म्हातारीला म्हनावं, पाडव्यापत्तूर इकू नगं. म्या येतो बघाया.”