मागच्या चाकात हवा कमी होती

बुधवार, रात्र

बाणस्तारीच्या पुलापासून मंगेशीपर्यंत ती स्कूटर माझ्या पुढे होती. मागचं टायर पार बसलेलं नव्हतं, पण रस्त्याला टेकतं तिथे दोन्ही बाजूंनी फुगून आलेलं, आणि कुंडईजवळ गाडीची मागची बाजू डावी-उजवी झुलत होती. मागे बाई, मध्ये दप्तर लावलेलं पोर. मी सांगितलं नाही. मंगेशीपाशी ते वळले, मी सरळ आले. जेवताना, भांडी घासताना, आता हे लिहिताना तेच मनात. सांगितलं नाही.

चालवणाऱ्याला कळत नाही, हीच गोम आहे. पुढच्या चाकातली हवा गेली की हँडल जड होतं, हाताला लगेच समजतं. मागचं चाक गुपचूप बसत जातं. डबलसीट असेल तर वाटतं वजनाने झुलतेय, पुलावर वाटतं वाऱ्याने, पुढे वाटतं रस्त्याने. 110 सीसीच्या स्कूटरला पुढे साधारण 22 पीएसआय दाबाची हवा लागते, मागे एकट्यासाठी 29 आणि दोघं बसले की 36. पंपावर हे दोन वेगळे आकडे कोण सांगतं? एकट्याच्या हवेवर तिघं बसतात. कमी हवेचं टायर प्रत्येक फेऱ्याला दुमडतं, सुटतं, पुन्हा दुमडतं, आणि त्यानेच तापत जातं. आत ट्यूब असेल तर ब्रेक मारताना टायर रिमवर सरकतं, ट्यूबला ओढतं, व्हॉल्व्ह मुळाशी फाटतो. मग उरलेली सगळी हवा एका क्षणात जाते. ट्यूबलेस जरा दम धरतं, पण खड्ड्यात रिमची कड वाकली की तेही सोडतं, आणि सध्या सगळे खड्डे पाण्याखाली आहेत.

हे सगळं माहीत असून गप्प बसले. माहीत नसतं तर निदान झोप लागली असती.

रस्त्यावरची खुणेची भाषा आपणच फुकट घालवली असंही वाटतं. मूठ उघडझाप करून ‘लाइट चालू आहे’ सांगायची सवय काही जात नाही. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत पेटलेलाच राहतो, बंद करायला बटनच नाही. तरी भर दुपारी समोरचे खूण करतात. पाहून पाहून माणूस कंटाळतो. मग कोणी जीव तोडून साइडस्टँड दाखवत असलं तरी ‘हो, लाइट’ एवढंच मनात येतं आणि तो पुढे जातो. स्टँड डाव्या बाजूला असतो. डाव्या वळणावर गाडी त्याच बाजूला कलते, स्टँडचं टोक रस्त्याला अडतं आणि मागचं चाक उचललं जातं. बऱ्याच नव्या गाड्यांत स्टँड खाली असेल तर इंजिन चालत नाही, जुन्यांत ती सोय नाही. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या भाड्याच्या गाड्यांवर तर चालवणारा कालच बसलेला असतो, गाडीची नेहमीची चाल कशी हे त्याला कुठून ठाऊक असणार?

स्टँड, मागच्या चाकाशी लोंबणारी ओढणी किंवा रेनकोटचं टोक, बसत चाललेलं टायर, ठिबकणारं पेट्रोल, सामानाचा सुटलेला दोर. यांत विचार करत बसायचं नाही, लगेच सांगायचं. खाणपट्ट्यातल्या ट्रकांच्या मागच्या जोडटायरांमध्ये अडकलेला दगडही त्यातच, वेग वाढला की तो सुटून मागच्याच्या काचेवर येतो. चोर्ला किंवा अनमोड घाटाच्या उतारावर ट्रकमधून जळका वास आला तर ब्रेकचे लायनर तापलेत. त्याला थांबायला सांगावं, आणि चाकावर पाणी ओतू नको हेही सांगावं, कारण लाल तापलेला ड्रम पाण्याने तडकतो.

ब्रेक लाइटचं सिग्नलपर्यंत थांबलं तरी चालतं, पण सांगायचं राहू नये. जुन्या गाड्यांत 12 व्होल्टचा, 21/5 वॅटचा, दोन तारांचा बल्ब असतो. 5 वॅटची तार मागचा दिवा, 21 ची ब्रेकचा. मोठी तार जळली तरी मागचा दिवा लागतोच, त्यामुळे मालक मागे जाऊन बघतो आणि सगळं ठीक समजतो. पावसात स्विच अडकला तर उलटं होतं. दिवा सतत पेटलेला राहतो आणि हा ब्रेक कधी मारतो ते मागच्याला कळेनासं होतं. गाडीखाली एसीचं स्वच्छ पाणी ठिबकत असेल तर मात्र कोणाला थांबवू नये.

आणि सांगायचं कसं? चाकाशेजारी गाडी घालून खाली बोट दाखवलं की चालवणारा मान वळवतो, हँडल हलतं. ओढणीवाली दचकून ब्रेक मारते. म्हणून मागून दोनदा छोटा हॉर्न, मग चालवणाऱ्याच्या उजव्या हाताला थोडं पुढे येऊन, अंतर ठेवून, तीन-चार शब्द. ‘मागचं टायर, हवा कमी.’ आपल्याकडच्याला कोकणीत ‘फाटल्या टायरांत वारो ना’. बाहेरच्याला नको, ‘फाटल्या’ म्हणजे मागच्या, पण तो फाटलंय असं ऐकेल. मग हाताने ‘हळू’ची खूण, आणि आपण पुढे निघून जायचं. थांबायचं नाही. गाडी बिघडलीय सांगून थांबवून लुबाडणारेही असतात. बाईमाणूस एकटी असेल तर तिने आपल्यावर विश्वास का ठेवावा? आपण निघून गेलो तर उजेडाची जागा बघून तिची ती थांबते. पुढचं तिच्याकडे.

कधी कोणी ‘तुका कित्याक जाय?’ म्हणतं, म्हणजे तुला कशाला हवंय. तेच मनाला लागलेलं आहे, उगाच इतरांवर कशाला ढकलू. मागच्या खेपेचं ते तोंड आठवलं आणि आज हॉर्नवरचा हात मागे आला. दरवेळी मीच का, असं वाटलं. संध्याकाळभर स्वतःची कीवही करून झाली. बाबूच्या अपघाताचंही आठवलं. त्या दिवशी त्याच्या मागे किती गाड्या असतील... जाऊ दे.

कीव करून झाल्यावर उरतं ते एवढंच, की त्या स्कूटरवाल्याने तोंड वाकडं केलं असतं तर माझं काय जाणार होतं? करायचं तर करो. टायर बघितलं असतं, बस. बाईने बघितलं नसतं तर मुलाने तरी मागे वळून बघितलं असतं.

पण खरं तर तो तोंड वाकडं करणाऱ्यातला वाटत नव्हता. मंगेशीला वळताना त्याने बऱ्याच आधीपासून इंडिकेटर दिला होता, आणि वळून झाल्यावर आठवणीने बंद केला.