पेशीला मोजता येत नाही

माझं काम मोजण्याचं आहे. कुणी विचारलं तर मी नुसतं 'लॅबमध्ये असते' म्हणते, कारण 'दिवसभर माणसांची गुणसूत्रं मोजते' असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "ती तर ४६ असतात ना? मग मोजायचं काय?"

बरोबरच आहे. पण ४६ आहेत हे माणसाला खूप उशिरा कळलं. थिओफिलस पेंटरने १९२१ मध्ये ४६ किंवा ४८ असं लिहिलं, १९२३ मध्ये ४८ वर शिक्कामोर्तब केलं आणि पुढची तीसेक वर्षं जग ४८ मोजत राहिलं. त्या काळी पेशींचे पातळ काप घेत आणि त्यात गुणसूत्रं एकमेकांवर पडलेली असत, म्हणून पेंटरची चूक मला समजते. टी. सी. शू यांची गोष्ट मात्र मला जास्त अस्वस्थ करते. १९५२ च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेत कुणीतरी द्रावण चुकून जास्त पातळ केलं. पेशी पाणी पिऊन फुगल्या आणि गुणसूत्रं सुटी सुटी पसरली. त्याआधी कुणालाही दिसली नव्हती इतकी स्वच्छ. तरीही शू यांनी मोजली ४८च! १९५५ च्या डिसेंबरमध्ये स्वीडनमधल्या लुंडला जो हिन त्जियो यांनी त्याच युक्तीने पेशी पसरल्या आणि आकडा ४६ आला. पुढच्या वर्षी त्यांनी आणि त्यांचे सहकारी लेव्हान यांनी तो छापला.

मी शूंना हसत नाही, कारण मीही हेच केलंय. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका नमुन्यातल्या सलग दोन पेशी मी ४६ म्हणून लिहिल्या. मॅडमनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि एवढंच म्हणाल्या, "परत मोज." दोन छोटी गुणसूत्रं एकमेकांना चिकटून पडली होती आणि मी त्यांना एक धरलं होतं. चिकटलेली आहेत हे दिसत नव्हतं असं नाही. मोजत मोजत ४६ पर्यंत आले आणि डोळे थांबले, इतकंच. तेव्हापासून आमच्याकडे दोघींनी वेगवेगळं मोजायचं आणि दुसरीने पहिलीचा आकडा बघायचा नाही, हा नियम मीच सगळ्यात काटेकोर पाळते.

मोजण्याआधीची खटपटही सांगते. रक्तातल्या तांबड्या पेशींत केंद्रकच नसतं, म्हणून काम पांढऱ्या पेशींवर, त्यातही लिम्फोसाइटवर. त्या रक्तात निवांत फिरत असतात, विभाजनाचं नाव काढत नाहीत, आणि गुणसूत्रं मोजता येतात ती विभाजनाच्या वेळीच. मग फायटोहीमॅग्लुटिनिन घालून त्यांना डिवचायचं आणि ३७ अंशांवर ७२ तास वाढवायचं. शेवटी कॉल्सेमिड, म्हणजे विभाजन मध्येच अडवणारं रसायन. मग शूंच्या चुकीचा वारसा, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडचं पातळ द्रावण. इथे वेळ कमी पडली तर सगळा गुंता. जास्त झाली तर पेशी फुटते आणि एखादं गुणसूत्र भरकटून शेजारणीकडे जातं. त्यानंतर मिथेनॉल आणि ॲसेटिक आम्लाचं तीनास एक मिश्रण, काचपट्टीवर थेंब, आणि रंग.

रंगावरून आठवलं. 'क्रोमोसोम' म्हणजे नुसती 'रंगीत वस्तू'. १८८८ मध्ये वाल्डेयरने हे नाव दिलं तेव्हा ती वस्तू करते काय हे नीट ठाऊक नव्हतं. रंग छान धरते एवढं दिसत होतं. आपला 'गुणसूत्र' हा शब्द बनवणाऱ्याला काम आधीच माहीत होतं, म्हणून त्यात गुणही आला आणि सूत्रही. मला आपलाच शब्द आवडतो.

फुलीसारखा जो आकार सगळीकडे गुणसूत्र म्हणून छापतात, तोही फसवा आहे. एरवी गुणसूत्र फुलीसारखं नसतंच. एका पेशीतला सगळा डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरेल आणि तो काही हजारांश मिलिमीटरच्या केंद्रकात सैलसर पसरलेला असतो. विभाजनाआधी पेशी त्याची पूर्ण नक्कल करते. मूळ आणि नक्कल कोहेसिन नावाच्या प्रथिनाच्या कड्यांनी बांधलेल्या राहतात, मग दोन्ही आखडून जाड होतात, आणि तेव्हा कुठे ती फुली दिसते. म्हणजे मी ४६ लिहिते तेव्हा प्रत्यक्षात समोर ४६ जोड्या असतात, वाटणीला तयार.

आता वाटणी. इथे पोचायला मला बरीच वर्षं लागली, कारण माझ्या डोक्यात पेशी म्हणजे माझ्यासारखीच कुणी कारकून होती, मोजून माप देणारी. तसं नाही. पेशीला ४६ ठाऊक नाही. ती फक्त ताण बघते.

पेशीच्या दोन्ही टोकांकडून तुर्कतंतू, म्हणजे गुणसूत्रं ओढणारे बारीक धागे, येतात आणि प्रत्येक जोडीला गुणसूत्रबिंदूपाशी, म्हणजे फुलीच्या सांध्यापाशी, धरतात. जोडीतल्या एकाला डावीकडून आणि दुसऱ्याला उजवीकडून धरलं असेल तर कडी सोडत नाहीत आणि मध्ये ताण येतो. दोघांनाही एकाच बाजूने ओढलं तर ताण येत नाही, पकड ढिली होऊन सुटते आणि तंतू पुन्हा धरायला बघतात. एक जरी जोडी नीट पकडलेली नसली तरी सगळ्यांना थांबावं लागतं. ब्रूस निकलस आणि त्यांचे सहकारी ली यांनी हे १९९५ मध्ये फार सुंदर दाखवलं. प्रार्थनाकीटकाच्या शुक्रपेशी तयार होत असताना एका पेशीत एक गुणसूत्र ताणाविना लोंबकळत होतं आणि विभाजन अडून बसलं होतं. त्यांनी काचेच्या अतिसूक्ष्म सुईने ते गुणसूत्र नुसतं ओढून धरलं. पेशीला वाटलं जमलं, आणि ती पुढे निघाली.

हे वाचलं तेव्हा मी आमच्या फ्रिजमधल्या कॉल्सेमिडच्या बाटलीकडे वेगळ्या नजरेने बघितलं. कॉल्सेमिड तंतू जुळूच देत नाही. तंतू नाहीत म्हणून ताण नाही, आणि ताण नाही म्हणून पेशी थांबते, वाट बघते. मध्यावस्था, म्हणजे वाटणीच्या आधीची ही पायरी, एरवी काही मिनिटांत उरकते. या वाट बघण्यामुळेच आम्हाला काचपट्टीवर इतक्या मध्यावस्था सापडतात. आमच्या सगळ्या खात्याची भिस्त पेशीच्या या थांबण्यावर आहे. पेशीविभाजनावर इतकी वर्षं काम करते, पण ते पूर्ण झालेलं मी कामात एकदाही पाहिलेलं नाही.

पेशी मोजत नाही याचा दुसरा अर्थ असा की एकदा ४७ झाले की ती ४७ च पोचवते. १९५९ मध्ये लेज्यून, गोतिए आणि तुर्पँ यांनी डाऊन सिंड्रोममध्ये एक छोटं गुणसूत्र जास्त असल्याचं दाखवलं, तेच हे २१ क्रमांकाचं तिसरं गुणसूत्र. गोंधळ बहुतेक वेळा आईच्या अंडपेशीच्या अर्धगुणसूत्री विभाजनात, म्हणजे गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या विभाजनात होतो. ते विभाजन मुलगी जन्मण्याआधी सुरू होतं आणि अर्ध्यावर थांबतं ते थेट अंडपेशी बाहेर पडेपर्यंत, म्हणजे काही वेळा चाळीस वर्षं. तोवर तीच जुनी कडी टिकायची असतात. ती झिजत जाणं हे आईच्या वयाबरोबर धोका वाढण्याचं एक मोठं कारण मानतात. पण त्यानंतरची प्रत्येक पेशी चोख काम करते. ४७ जोड्या, प्रत्येकीला दोन्हीकडून ताण, तक्रार कशालाच नाही.

ताणालाही फसवता येतं. जोडीतल्या एकाच्याच गुणसूत्रबिंदूला दोन्ही बाजूंचे तंतू चिकटले तर ओढ जाणवते, पेशी हिरवा कंदील दाखवते आणि ते गुणसूत्र मधेच रेंगाळून कधी चुकीच्या घरी जातं. गर्भाच्या सुरुवातीच्या विभाजनांत असं झालं तर शरीरात दोन प्रकारच्या पेशी नांदतात, काही ४६ च्या, काही ४७ च्या. म्हणून आम्ही एका पेशीवर समाधान मानत नाही, वीस मोजतो.

मागे एका नमुन्यात अठरा पेशी ४७ च्या आणि दोन ४६ च्या निघाल्या. त्या दोन खरंच ४६ च्या, की पोटॅशियम क्लोराइडमध्ये फुटून एकेक गुणसूत्र हरवून बसलेल्या? दोन्हींत २१ वी गुणसूत्रं नीट दोनच होती, तिसरं नव्हतं. मॅडमना दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"अजून तीस मोज," त्या म्हणाल्या.